मौनीबाबांची रसाळ वाणी

ऑपरेशन थिएटरमध्ये यापुढे सर्वांनी एकमेकांशी मोठ्याने बोलायचं आहे, असा हुकूम निघाला, तेव्हा हात धुण्याच्या नळापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी आधी सर्जनकडे पाहिलं. सर्जननी हुकूम शेवटपर्यंत वाचला, त्याची नीट घडी घातली आणि ते म्हणाले, "हं."

हा त्यांचा दुःखाचा 'हं' होता. तो ओळखू शकणारी दवाखान्यात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे थिएटरची सिस्टर.

सर्जनना सगळे मागून मौनीबाबा म्हणत. हात असा, की टाका कुठे घातला ते पेशंटलाही नंतर शोधावं लागे. पण तोंडाचा उपयोग ते फक्त जेवणापुरता करत. सिस्टरनं त्यांची भाषा हळूहळू शिकून घेतली होती. आखूड 'हं' म्हणजे दिवा डोळ्यावर येतोय. नाकातून निघालेला लांबट 'हं' म्हणजे पाठ भरून आली, टेबल जरा वर घ्या. शेवटी वर चढत जाणारा 'हं' म्हणजे नाकाला खाज सुटली आहे आणि धुतलेले हात नाकाला लावता येत नाहीत, तेव्हा कुणीतरी काहीतरी करा. हत्यारं मागायला तर तेवढाही आवाज लागत नसे. ते नुसता हात पुढे करत आणि ती हवं ते हातात ठेवी.

या विद्येचं सिस्टरला स्वतःला फारसं कौतुक नव्हतं, कारण घरी तिची दोन वर्षांची मुलगीही फक्त 'हं'च म्हणे. बोट दाखवून 'हं' केलं की पाणी, ओठ काढून 'हं' केलं की कडेवर. बागेत तिच्याच वयाची इतर मुलं "मला मोठ्या झोक्यावर बसायचंय" अशी कर्ता-कर्म-क्रियापद लावून वाक्यं बोलत, आणि सिस्टर ती ऐकून घरी येईपर्यंत रडवेली होई. तिनं कानाच्या डॉक्टरला दाखवलं, जिभेच्या डॉक्टरला दाखवलं. दोघांनीही मुलगी ठणठणीत आहे असं सांगितल्यावर ती आणखीच घाबरली. सासूबाईंचं निदान मात्र तयार होतं.

"दवाखान्यात एक आणि घरी एक," त्या म्हणत. "दोघांच्याही जिभेला गंज तूच चढवलास. मागायच्या आधी हातात दिलंस तर कोण कशाला बोलेल?"

हुकूम काढला होता नव्या प्रशासक साहेबांनी. त्यांनी एक संवादतज्ज्ञ बाई शोधून आणल्या होत्या. बाईंनी याआधी एका बिस्किटांच्या कारखान्यातला संवाद सुधारला होता आणि दवाखान्याचं त्यांना काडीचंही भय नव्हतं. भरल्या सभागृहात त्यांनी तीन नियम समजावून सांगितले. पहिला, काम सुरू करण्याआधी प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची. दुसरा, एकानं काही सांगितलं की दुसऱ्यानं ते परत म्हणायचं, आणि पहिल्यानं त्यावर 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय संवाद पुरा झाला असं धरलं जाणार नाही. तिसरा, कुणाच्याही मनात शंका आली तर त्यानं ती बोलून दाखवायची आणि ती मिटेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं.

परीक्षाही होती. प्रत्येक पथकाच्या एका ऑपरेशनचं ध्वनिमुद्रण होणार आणि बाई आपल्या घरी बसून ते ऐकून गुण देणार. "मी चेहरे बघत नाही, हुद्दे विचारत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस आवाजात सापडतो." मौनीबाबा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

नापास होणारं पथक मोडून सगळ्यांना फिरती पाळी लावायची, असं साहेबांनी शेवटी उठून सांगितलं, आणि सिस्टर मनातल्या मनात घरचं वेळापत्रक मांडू लागली. सासूबाई सकाळीच तेवढ्या नातीला सांभाळू शकत. दुपारपासून त्यांचा शिवणाचा क्लास असे. नवरा घरी यायचा तो जेवणाच्या वेळेला. सकाळची पाळी गेली तर मुलीला कुठे ठेवायचं? पाळणाघरात? आणि न बोलणारं मूल पाळणाघरात रडलं, तर ते पोट दुखतंय म्हणून की आई हवी म्हणून, हे त्या बायांना कुणी सांगायचं?

तिनं मौनीबाबांना शिकवायला घेतलं. चहाच्या वेळेला ती त्यांच्यासमोर कात्री धरून उभी राहायची आणि म्हणायची, "सर, म्हणा, कात्री द्या." मौनीबाबा श्वास घ्यायचे, कानापर्यंत लाल व्हायचे, "का..." पर्यंत यायचे आणि चहा प्यायचे. घरी हाच प्रयोग मुलीवर बिस्किट धरून चालला होता. शिवाय नियम स्वतःच्या अंगवळणी पडावेत म्हणून ती सासूबाईंबरोबर सराव करायची. "आई, आमटी गरम करते." "आमटी गरम करतेस." "बरोबर." मुलगी जमिनीवर बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत असे. सासूबाई म्हणाल्या की अशा बोलण्यानं आमटी तर गार होतेच, पण माणसाचं डोकंही फिरतं.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर आले ते एक सूत्रसंचालक. समारंभ, सत्कार, बक्षीस वितरण असं काहीही असलं तरी माइकपाशी तेच. ध्वनिक्षेपकाची पेटी एकट्यानं उचलल्यामुळे त्यांना हर्निया झाला होता. ध्वनिमुद्रणाला परवानगी आहे का, असं विचारल्यावर त्यांनी फक्त यंत्र कुठलं आहे ते विचारलं. नियमांचा कागदही मागून घेऊन वाचला; कार्यक्रमपत्रिका पाहिल्याशिवाय ते कुठेच जात नसत. कमरेखाली भूल द्यायची होती, वर हवं तर झोपेचं औषध देता आलं असतं. ते त्यांनी नाकारलं. आपल्याच कार्यक्रमात आपण झोपणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कमरेत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले. छातीपाशी हिरवा पडदा लागला. पडद्याच्या या बाजूला मौनीबाबा आणि सिस्टर, त्या बाजूला पेशंटचं डोकं आणि डॉक्टरीणबाई, आणि दाराशी थिएटरमधली वरकामं करणारे मामा. यंत्र टांगायला दुसरी जागा नव्हती म्हणून मामांनी ते पडद्याच्या दांडीला टांगलं. ते बरोबर पेशंटच्या तोंडावर लोंबत होतं, पण त्या क्षणी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ओळखीचा कार्यक्रम सुरू झाला. सिस्टरनं आपलं नाव आणि काम सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मामांनी लाजत लाजत सांगितलं, आणि त्यांना नाव आहे हे त्या खोलीत प्रथमच कळलं. मग सगळे मौनीबाबांकडे बघू लागले. त्यांनी डोळे मिटले. मास्क आत गेला, बाहेर आला.

"हं," ते म्हणाले.

त्यापुढे शांतता पसरली. आता, स्टेजवर शांतता पडणं म्हणजे सूत्रसंचालकाला प्राणसंकट. ती भरून काढायची ही त्यांची सवय कमरेखालच्या भुलीनं जाणार नव्हती.

"आणि मी," पडद्याआडून घुमारेदार आवाज आला, "आजच्या या सोहळ्याचा केंद्रबिंदू. माझ्याशिवाय आज आपण कुणीच इथं जमलो नसतो. आपल्या प्रत्येकाच्या कौशल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तर मंडळी, सुरुवात करू या."

डॉक्टरीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सूत्रसंचालकांनी समजूतदारपणे आवाज थोडा खाली आणला. "गप्प बसा" असं सरळ म्हणायची सोय नव्हती. पेशंटशी सौजन्याला वेगळे गुण होते आणि यंत्र चालू होतं.

मौनीबाबांनी हात पुढे केला. "कात्री," सिस्टर मोठ्यानं म्हणाली. "कात्री देते आहे." आता सरांनी एकच शब्द म्हणायचा होता. तिनं डोळ्यांनीच त्यांना विनवलं. मौनीबाबांनी छाती भरून श्वास घेतला, मान ताठ केली, शब्द घशापाशी आला.

"कात्री मिळाली. बरोबर. धन्यवाद, सिस्टर," पडद्यामागून आवाज आला.

मौनीबाबांनी श्वास सोडून दिला. त्यांच्या डोळ्यांत, परीक्षा पुढे ढकलल्यावर मुलांच्या डोळ्यांत दिसतो तसला आनंद होता.

पुढे हेच चालू राहिलं. सिस्टर चिमट्याचं नाव घेई, चिमटा मिळाल्याची पोच पडद्यामागून येई. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब किती आहे ते सांगितलं. पडद्यामागून तो आकडा परत म्हटला गेला, बरोबर म्हटलं गेलं आणि इतका सुंदर रक्तदाब राखल्याबद्दल त्यांचं अभिनंदनही झालं. मौनीबाबा आपले काम करत होते आणि अधूनमधून हुंकारत होते. सिस्टर नियमाप्रमाणे त्याचा उच्चार करत होती.

"हं."

"दिवा डोळ्यावर येतोय ना? वळवते."

"हंऽऽ."

"पाठ अवघडली. मामा, टेबल थोडं वर घ्या."

"हं?"

"नाक खाजतंय. मामा, जरा इकडे."

मामांनी कापडाचा बोळा घेऊन मास्कवरून मौनीबाबांचं नाक खाजवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. हर्निया सापडला होता, जागेवर बसला होता, आता ती जागा भक्कम करणारी जाळी शिवायची होती. तेवढ्यात क्षणभर कुणी बोललं नाही, आणि केंद्रबिंदूला राहवलं नाही.

"मामा," ते आपुलकीनं म्हणाले, "आपण मघापासून फार कमी बोलताय. आपल्या मनात काही शंका?"

मामांना या थिएटरात आजवर कुणी शंका विचारली नव्हती. त्यांना एकदम भरूनच आलं. आधी त्यांनी नाही म्हटलं. मग म्हणाले, तशी एक आहे. "माझी निळी चप्पल रोज कोण घालतं? मी धुऊन पुसून दाराशी ठेवतो. सकाळी बघावं तर गायब. मग मी दिवसभर ती तुटक्या अंगठ्याची घालून फिरतो."

नियम तिसरा. शंका मिटेपर्यंत थांबायचं. मौनीबाबांनी हात जोडल्यासारखे छातीपाशी धरले आणि ते थांबले. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. सिस्टरनं स्वतःच्या. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा हिरव्या डगल्याखालच्या त्या दोन पावलांवर जाऊन थांबल्या. चप्पल निळी होती आणि मामांनी खुणेसाठी बांधलेला दोरा तिच्यावर स्पष्ट दिसत होता.

"हं," मौनीबाबा म्हणाले. हा 'हं' सिस्टरनं त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. घरी मात्र ऐकला होता, दूध सांडल्यावर.

"चुकून झालं," ती म्हणाली. "पुन्हा होणार नाही."

"मामा," पडद्यामागून आवाज गहिवरला, "या संपूर्ण पथकाच्या वतीनं मी आपली क्षमा मागतो. आपली चप्पल आजच आपल्या पायात असेल. मिटली शंका?"

"मिटली, साहेब," मामा डोळे पुसत म्हणाले.

शेवटचे टाके पडेपर्यंत आभारप्रदर्शन चाललं. त्यात सिस्टर, डॉक्टरीणबाई, मामा, दिव्याची व्यवस्था पाहणारे, चादरी धुणारे आणि घरून निघायला उशीर न केल्याबद्दल स्वतःची पत्नी, असे सगळे आले. मामांनी टाळ्या वाजवल्या. मौनीबाबा अनवाणी बाहेर गेले.

सिस्टरनं घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की परीक्षा बुडाली. पेशंटनं तोंड बंद ठेवलं नाही आणि सरांनी उघडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी साहेबांनी चौघांना केबिनमध्ये बोलावलं. तज्ज्ञबाईंचं मत आलं होतं. साहेब ते वाचू लागले आणि सिस्टरनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"'सर्जनची वाणी रसाळ आणि ओघवती आहे,'" साहेबांनी वाचलं. "'प्रत्येकाची दखल, प्रत्येकाचे आभार. काम थांबवून सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याची क्षमा मागणारा सर्जन मी प्रथमच ऐकला. किंचित आत्मप्रौढी आहे, पण ती त्यांना शोभते.'"

सगळ्यांनी वळून मौनीबाबांकडे पाहिलं. मौनीबाबांनी वळून आपल्या मागे पाहिलं. मागे भिंत होती.

साहेब पुढे वाचत गेले आणि सिस्टरच्या ध्यानात एकेक गोष्ट येत गेली. पेशंट मात्र ओळखीच्या वेळेपासूनच कण्हत होता, असं बाईंनी लिहिलं होतं. भूल पुरेशी नसावी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना समज द्यावी. आणि सिस्टर. नुसत्या कण्हण्यावरून दिवा डोळ्यावर येतोय, पाठ अवघडली, नाक खाजतंय, हे ओळखणारी परिचारिका लाखात एक. तिला थिएटरमध्ये ठेवणं म्हणजे नासाडी. जिथे कण्हणारे जास्त, त्या मोठ्या वॉर्डात तिला फिरत्या पाळीवर नेमावं.

"अभिनंदन," साहेब तिला म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा रागानं लाल झाला होता. आपल्या भुलीत पेशंट कण्हला, असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. "साहेब, तो कण्हणारा जो होता ना," त्यांनी सुरुवात केली, आणि सिस्टरनं त्यांच्या पायावर पाय दिला. खरं सांगावं तर सर्जन एक शब्द बोलला नाही म्हणून पथक नापास, आणि फिरती पाळी. खोटं चालू द्यावं तर पथक पास, आणि तरी तिला फिरती पाळी. पाळी दोन्हीकडून तिच्याच अंगावर येत होती.

"आणि सर," साहेबांनी कागद खाली ठेवला, "सगळ्या दवाखान्यासाठी शिबिर ठेवतोय. तुम्हीच घ्यायचं. काय?"

मौनीबाबांचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले.

"घसा बसलाय का?" साहेबांनी विचारलं.

"त्या दिवशी फार बोलणं झालं," सिस्टर म्हणाली. हे काही खोटं नव्हतं.

"मग आता काय म्हणाले?"

काय म्हणाले ते सिस्टरला नेमकं कळलं होतं. मला इथून बाहेर काढा, असं म्हणाले होते. वरच्या फळीवर चढून बसलेली मुलगी नेमकं असंच म्हणे. इतके दिवस दोन्हीकडे समोरच्याच्या मनातलं तेवढं ती ओळखत आली होती. आज पहिल्यांदाच तिनं त्यात आपल्या मनातलं घातलं.

"सर म्हणतात, शिबिर जरूर घेऊ," ती म्हणाली. "मात्र हे पथक आहे तसंच राहिलं तर. डॉक्टरीणबाईंची भूल उत्तम होती. ते कण्हणं नव्हतंच, ते गृहस्थ मुळातच कमी बोलतात."

"अतिशय कमी," डॉक्टरीणबाई पाय चोळत म्हणाल्या.

"आणि सिस्टर थिएटरमध्येच राहतील, सकाळच्याच पाळीला. त्या नसतील तर सरांना बोलायला सुचत नाही."

साहेबांनी भुवया वर केल्या. "एका 'हं'मध्ये एवढं?" ते मौनीबाबांकडे वळले. "खरंच असं म्हणालात?"

नियमाप्रमाणे आता एकच शब्द राहिला होता. सांगणाऱ्यानं सांगितलं होतं, ऐकणाऱ्यानं परत म्हटलं होतं. केबिनमध्ये शांतता पसरली, आणि ती भरून काढायला आज पडद्यामागे कुणी नव्हतं. मौनीबाबांनी मास्क चाचपला. मास्कही नव्हता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, कानापर्यंत लाल झाले, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"बरोबर," ते म्हणाले.

मामांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई खाली बसल्या. आवाज खरोखरच बरा होता.

"शनिवारी थोडं लवकर घरी," सिस्टरनं घाईघाईनं जोडलं, "असंही म्हणाले." मौनीबाबांची एक भुवई वर गेली. मग त्यांनी मामांच्या पायातल्या निळ्या चपलेकडे पाहिलं, आणि भुवई खाली आली. "बरोबर," ते म्हणाले.

साहेब खूश झाले. फक्त शिबिरात त्या दिवशीसारखंच बोला, एवढी त्यांची अट होती. त्यावर जो 'हं' आला त्याचा अर्थ लावायला सिस्टरला क्षणही लागला नाही. "अगदी तोच आवाज असेल, साहेब. फक्त तारीख बुधवारनंतरची ठेवा. बुधवारी एका गृहस्थांचे टाके काढायला सरांना वेळ हवाय, आणि त्यांच्याशी थोडं बोलायचंही आहे."

घरी तिनं सगळी हकीकत सासूबाईंना सांगितली. सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली उभी होती. तिनं बिस्किटाच्या डब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तोंडातून आवाज न काढता नुसता हात पुढे केला.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आता 'हं'सुद्धा गेलं."

सिस्टरनं ठरवलं होतं की आज द्यायचं नाही. ठरवेपर्यंत बिस्किट तिच्या हातून मुलीच्या तळव्यात गेलंही होतं. मुलीनं ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली.